कोहळ्यांचे तलाव आणि पाळीची राखण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त या व्यासपीठावरून काशीतील मराठी घराणी, घाट आणि वैदिक परंपरा यांविषयी आपण पुष्कळ ऐकले. आम्ही आज मातीच्या पाळीविषयी चार शब्द सांगणार आहोत. आम्ही अभियंते नव्हे. कला शाखेचे पदवीधर, आणि केंद्र सरकारच्या चाकरीत कागद वाचण्यात उमेद गेलेली. तरीही हा विषय घेतला, कारण त्याचा काशीशी संबंध लावला जातो आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावे अजून आहेत, अशा आपल्यापैकी अनेकांशीही तो आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत, कोहळी नावाचा शेतकरी समाज आहे. तलाव बांधावे ते कोहळ्यांनी, अशी त्यांची ख्याती. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना सोबत घेऊन आला, असे ते सांगत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही आख्यायिका नोंदवली आणि लगोलग शंकाही घेतली, की यांची भाषा, चालीरीती आणि कुळांची नावे तर मराठी वळणाची आहेत. या वादात आम्ही पडत नाही. आपले पूर्वज तिकडून इकडे आले, त्यांचे इकडून तिकडे गेले म्हणतात; एवढा शेजार आम्हांस पुरे आहे. शिवाय ज्या नागपूरकर भोसल्यांचा घाट येथे गंगेवर उभा आहे, त्यांच्याच अमलाखाली हा तलावांचा मुलूख होता.

काशीची कुंडे म्हणजे चारी बाजूंनी बांधलेले, पायऱ्यांचे जलाशय. कोहळ्यांचा तलाव तसा नसतो. दोन टेकड्यांच्या सोंडा पाहायच्या, मधल्या उतारावर मातीची पाळ घालायची, आणि वरच्या रानातून येणारे पाणी अडवायचे. पाळीतून शेतात पाणी सोडायचे दार ते तुडूम, आणि जादा पाणी पाळीला धक्का न लावता बाजूने निघून जावे म्हणून ठेवलेली वाट तो सांडवा. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा यांतील नामांकित तलाव. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. पुढे लोकांनी त्यांना कोलासुर म्हणून देवत्व दिले, आणि भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे त्यांना हात देणाऱ्या सात बहिणी ठरल्या. पाळ टिकली म्हणून बांधणारा देव झाला. फुटली असती तर काय झाला असता, ते आम्ही सांगायला नको.

असे लहानमोठे तलाव पूर्व विदर्भात साडेसहा-सात हजारांच्या घरात मोजले गेले आहेत. ते गावाच्या मालगुजाराच्या मालकीचे. मालगुजारीचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पाळीवर पडलेल्या मातीच्या टोपल्यांत बेगारीच्या टोपल्याही होत्या. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या मालकाचे स्वतःचे धान पाळीखाली होते. पाळ गेली तर प्रथम त्याच्या घरी अन्न शिजायचे नाही. म्हणून पावसाळ्याच्या रात्री पाळीवर कंदील फिरे.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता. पुढे राज्ये बदलली, जिल्हा परिषदा आल्या, आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी’, संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नाव मोठे लडिवाळ आहे. मात्र मामा साऱ्या गावाचा झाला की त्याच्या दुखण्याला रात्री कोणी उठायचे, हा प्रश्न येतोच. याच कायद्यात एक अपवाद होता. ज्या तलावाच्या पाण्यावर मालकाखेरीज कोणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, ते मालकाकडेच राहू दिले गेले. शेताच्या माथ्यावरच्या लहान तलावांना तिकडे बोडी म्हणतात; अशा कितीतरी बोड्या आजही खाजगी आहेत. आमचा खरा विषय या बोड्याच.

खाजगी पाळ फुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर जबाबदार कोण? १८६८ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे असा एक खटला निकाली निघाला. रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी फ्लेचर यांच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. निर्णय असा, की पाण्यासारखी घातक वस्तू जो आपल्या जमिनीवर साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर साठवावी. हयगय सिद्ध होण्याचीही गरज नाही. पुढे सहा वर्षांनी, १८७४ साली, प्रिव्ही कौन्सिलपुढे आपल्या देशातला खटला आला. मद्रास इलाख्यातील कार्वेटनगरच्या जमीनदाराचे दोन तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वे कंपनीचे पूल वाहून गेले. कंपनीने रायलंड्सचा दाखला पुढे केला. न्यायाधीशांनी तो येथे लागू केला नाही. हिंदुस्थानात तलाव राखणे हे जमीनदाराचे रयतेप्रती परंपरागत कर्तव्यच आहे, तो ते मोडून टाकू शकत नाही. म्हणून हयगय दिसली तरच तो जबाबदार, असे त्यांनी म्हटले. आम्हांस हा निकाल फार मोलाचा वाटतो. मालकाला त्यात सूट आहे खरी, परंतु ती राखणदार म्हणून दिलेली सूट आहे. राखणच सोडली, तर तिचा आधार उरत नाही.

आजचा कायदा म्हणजे २०२१ चा धरण सुरक्षा अधिनियम. तो पंधरा मीटरहून उंच धरणांस आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांस लागू होतो. बोडीची पाळ याच्या पुष्कळ खाली. तेव्हा बोडीचा निरीक्षक बोडीचा मालकच.

निरीक्षण कशाचे करायचे? मातीची पाळ बहुधा दोन तऱ्हांनी जाते: पाणी वरून गेल्याने किंवा आतून गेल्याने. सांडव्याच्या पातळीपासून पाळीच्या माथ्यापर्यंत जी मोकळी उंची ठेवतात, ती पुराच्या रात्रीसाठी राखून ठेवलेली असते. अश्विनात आणखी एक पाणी मिळावे म्हणून शेतकरी सांडव्यावर फळ्या नाहीतर मातीची पोती रचतो. त्या वर्षी धान चांगले येते, आणि पोती तशीच राहतात. कोणी मासे निसटू नयेत म्हणून तेथे जाळी लावतो. तिला काटक्या-पालापाचोळा अडकून वाट बुजते. अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वरच्या अंगाला धनिकांच्या एका क्लबाच्या मालकीचे मातीचे धरण होते. तळाचे नळ कधीच काढले गेले होते, गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला होता, आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि २,२०९ माणसे गेली. धरण कोठले का असेना, सांडव्याचा मोह एकच असतो.

आतून जाणारे पाणी अधिक कपटी. पाळीच्या पायथ्याशी थोडा झिरपा असतोच. तो स्वच्छ असेल तर भिण्याचे कारण नाही. तो गढूळ झाला, की पाळीतली माती त्याच्याबरोबर बाहेर पडू लागली असे समजावे. अशा वेळी घाबरून बाहेरचे तोंड चिखलाने बंद केल्यास पाणी दुसरीकडून वाट काढते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असे थर चढवावेत; पाणी येऊ द्यावे, माती अडवावी. तुडूम उघडून पातळी उतरवावी, परंतु बेताने. एकदम उतरवल्यास आतल्या अंगाची भिजलेली माती घसरते. पाळीवर उगवलेली रोपे हाताने उपटता येतात तोवर उपटावीत. मोठे झाड तोडले तर त्याच्या कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयता नळ मिळतो. बेशरम नावाच्या झुडपाविषयी काय सांगावे! ते आपल्या नावाला जागते, आणि त्याच्या आडोशाला कोठे ओल आली ते दिसत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून सुमारे वीस माणसे गेली. ते सरकारी धरण होते, लहानच. गळतीविषयी गावकरी आधी बोलले होते. पुढे खेकड्यांनी धरण फोडले असे विधान झाले आणि सारा महाराष्ट्र हसला. हसू येणे साहजिक होते. तथापि खेकडे आणि घुशी पाळीत बिळे करतात हे खोटे नव्हे. बीळ दिसल्यावर बुजवायचे कोणी, हे ठरलेले असावे लागते.

आमच्या घरचीही एक बोडी आहे. सातबाऱ्यावर अकरा नावे. गावात राहतात ते फक्त धाकटे काका. उरलेले आम्ही काशी, पुणे, रायपूर असे पांगलेले. पाळीखाली शेजाऱ्यांची शेते आणि त्यापलीकडे आठ-दहा घरांची वस्ती. काही वर्षांपूर्वी काकांनी विचारले, “सांडव्यावर दोन फळ्या चढवू का? पाऊस कमी आहे, धान वाळेल.” अकरांपैकी सहांनी चढवा म्हणून कळवले. आम्ही विचारले, “काका, रात्री पाऊस आला तर फळ्या काढायला कोण जाईल?” काका म्हणाले, “मीच. पण मला आता रात्री दिसत नाही, बाबा.” फळ्या चढल्या नाहीत. दोन बांध्यांतले धान त्या वर्षी गेले, आणि एका चुलतभावाने आमच्याशी बरेच महिने बोलणे टाकले.

तेव्हापासून अकराही घरांनी दर गुढीपाडव्याला वर्गणी काढायची असे ठरले आहे. त्यातून वैशाखात पाळ साफ होते, तुडुमाचे दार काढून पाहिले जाते, आणि पावसाचे चार महिने खालच्या वस्तीतील एका तरुणाला पाळीवर फिरण्याची मजुरी मिळते. त्याचे घर सर्वांत खाली आहे म्हणूनच त्याला नेमले. दर रविवारी त्याचा निरोप येतो. गेल्या रविवारचा असा: पाणी सांडव्याच्या दीड हात खाली, झिरपा स्वच्छ, उत्तरेच्या टोकाला घुशीचे एक बीळ सापडले, ते खणून माती धुमसून भरले.