निर्दोष सुटलात, आता पुढे काय?

(भुसावळ येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



आपल्या भुसावळचं नाव एका खटल्याला जवळपास पंचवीस वर्षं चिकटून होतं. मे १९९४ मध्ये ११ मुस्लिमांना टाडाखाली अटक झाली. बाबरी मशीद पाडल्याचा बदला घेण्यासाठी ‘भुसावळ अल जिहाद’ नावाची संघटना काढून घातपाताचा कट रचला, असा आरोप होता. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी नाशिकच्या विशेष टाडा न्यायालयाने या अकराही जणांना निर्दोष सोडलं. टाडा कायदा तर १९९५ मध्येच संपला होता. खटला मात्र चालूच राहिला.

अशी बातमी आली की तरुण मला विचारतात, “वकीलसाहेब, ज्यांनी अडकवलं त्यांच्यावर उलटी केस करता येत नाही का?” येते. पण केव्हा, हे नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट. निर्दोष सुटलो म्हणजे भरपाई आपोआप मिळते, असं आपल्याकडे नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. त्यात पाच गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: प्रतिवादीनेच खटला सुरू केला किंवा करवला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं, त्यामागे बदनियत होती, आणि त्यातून तुमचं नुकसान झालं. पुराव्याअभावी सुटका झाली, एवढ्याने बदनियत सिद्ध होत नाही. म्हणून निकालपत्र ओळ न् ओळ वाचा. न्यायालयाने पुरावा फक्त अपुरा म्हटला की खोटा म्हटला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी गोष्ट, मुदत. इथे आपले लोक हमखास चुकतात. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खोट्या खटल्याबद्दलचा दावा निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात करावा लागतो. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलच्या दाव्याला कैद संपल्यापासून एकच वर्ष मिळतं. म्हणजे जामिनावर सुटलेला माणूस ‘आधी खटला संपू दे’ म्हणत थांबला, तर हा दुसरा दावा खटला चालू असतानाच मुदतबाह्य होतो. सरकारी अधिकाऱ्याने कामाच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा असेल, तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पोलिसांच्या बाबतीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आडवं येतं. त्यातली मुदत साधारण सहाच महिन्यांची आहे. म्हणून सुटकेच्या दिवशी मिठाई जरूर वाटा, पण दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जा.

तिसरी गोष्ट. मूलभूत हक्क पायदळी तुडवला गेला असेल, तर थेट उच्च न्यायालयात रिट करता येते. बिहारच्या रुदुल साह यांना निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ३५ हजार रुपये भरपाई दिली आणि हा रस्ता खुला झाला. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांनाही १९९४ मध्येच अटक झाली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये द्यायला सांगितलं. त्यांच्या हातात भक्कम आधार होता. आरोप खोटे असल्याचं सीबीआयनेच आपल्या तपासात म्हटलं होतं.

उलट उदाहरणही सांगतो. अक्षरधाम खटल्यातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्दोष ठरवलं. पण त्यांच्यातल्या काहींनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली. त्याने चुकीचा पायंडा पडेल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

एकाला ५० लाख आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे असं का? कारण भरपाईचा ठोस कायदाच नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस केली. ती अमलात यावी ही मागणी आपण लावून धरली पाहिजे, आणि ती फक्त मुस्लिमांसाठी नाही. खोट्या खटल्यात आदिवासी अडकतो, दलित अडकतो, भावकीच्या भांडणात शेतकरीही अडकतो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. अटकेचे कागद, रिमांडचे आदेश, जामिनाचा हुकूम, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल लगेच मागा. नोकरी गेली, दुकान बंद पडलं, शिक्षण सुटलं, उपचारांवर आणि वकिलावर खर्च झाला, तर त्याच्या पावत्या आणि पत्रं जपा. नुकसान सांगून चालत नाही, ते दाखवावं लागतं. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

प्रत्येक दावा जिंकता येईल, असं मी म्हणत नाही. पण मुदत टळून गेलेला दावा ऐकलाच जात नाही. तुमच्या मोहल्ल्यात कुणी नुकतंच निर्दोष सुटलं असेल, तर आज घरी जाताना त्यांना एवढंच विचारा: निकालाची तारीख काय?