८९व्या दिवशी सुट्टी

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. प्रोग्रॅममधली एखादी अट एका आकड्याने चुकली, तर कुणाचा तरी पगार अडकतो हे मी पाहिलंय. अमेरिकेच्या नॅशनल गार्डबद्दल वाचताना तेच आठवलं. हे लोक एरवी शिक्षक, ड्रायव्हर, विद्यार्थी. बोलावणं आलं की गणवेश चढवायचा.

६ जानेवारी २०२१ला तिथल्या संसदेवर हल्ला झाला. मग राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीसाठी सुमारे २५ हजार गार्ड जवान वॉशिंग्टनमध्ये आले. काहींना विश्रांतीला वाहनतळाची फरशी मिळाली.

गणवेश सगळ्यांचा एकच, पण सवलती ठरतात त्या आदेश कुणाच्या खर्चाने आणि किती दिवसांचा यावर. शिक्षणाच्या केंद्रीय सवलतीसाठी किमान ९० दिवस लागतात. दंगल आवरायला गव्हर्नरने राज्याच्या खर्चाने बोलावलं, तर ते दिवस धरतच नाहीत. २०२०मध्ये कोरोनाच्या कामावरच्या अनेकांचे आदेश तर ८९व्या दिवशी संपणार होते! ओरड झाली, तेव्हा मुदत वाढली. जानेवारी २०२२मध्ये प्रत्येक पगारी दिवस मोजणारं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडलं.

तुमच्यातले काही म्हणतील, रस्त्यावर सैनिक आणणंच चूक, मग सवलती कशाला? मलाही ते दृश्य आवडत नाही. पण हा निर्णय जवानाचा नसतो. आणि जवान स्वस्तात मिळत असतील, तर सत्ताधारी त्यांना ऊठसूट बोलावतील. पूर्ण पैसे मोजावे लागले, तर निदान हिशेब तरी करतील.