रानाचे मस्टर



कामगारांच्या चळवळीत उमेदीची सारी वर्षे घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन रानावनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही शास्त्र शिकलेलो नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. परंतु मोजमापाच्या भांडणात आमची हयात गेली आहे, आणि आजचा विषय मोजमापाचाच आहे.

मातीकामावर गेलेल्या कोणाही मजुराला विचारा. खड्डा खोदताना मध्ये मूळ जमिनीचा एक उंचवटा तसाच राखून ठेवतात. किती खोदले, हे त्यावरून ठरते. तो उंचवटा ढासळला, किंवा कोणी ढासळविला, की मजुराची मजुरी दुसऱ्याच्या मर्जीवर गेली. राखलेल्या रानाचेही असेच आहे. शासन एके दिवशी जाहीर करते की आजपासून हे अभयारण्य. पाटी लागते, कुंपण पडते. पण त्या दिवशी ते रान कसे होते, याची नोंद कोणी ठेवली नसेल, तर वीस वर्षांनी ते सुधारले की बिघडले, हे सांगणार कशावरून? मग साहेब सांगतात सुधारले, गाव म्हणते बिघडले, आणि दोघांच्याही हातात कागद नसतो.

अमेरिकेने १९६४ साली रान रानासारखेच राहावे म्हणून कायदा केला. 'रानटीपणा' हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो, तेव्हा आम्ही 'रानपण' म्हणू. कायदा झाला, लाखो एकर जमीन त्याखाली आली. पण रानपण टिकले की नाही हे तपासण्याची एकसारखी रीत ठरायला २००८ साल उजाडले. २०१५ साली ती रीत पुन्हा सुधारली. ती पाहिली तेव्हा आम्हाला आपले मस्टरच आठवले. रकाने साधे आहेत. माणसाने तेथे मुद्दाम किती ढवळाढवळ केली? मूळची झाडे, जनावरे, पाणी टिकले का? रस्ते, इमारती, यंत्रे किती शिरली? तेथे गेलेल्याला एकांत मिळतो का? शिवाय त्या जागेचे काही खास असेल तर त्याचा एक रकाना. निदान पाच वर्षांनी एकदा त्याच मापाने पुन्हा मोजायचे.

या मस्टरला बसविण्यास फार कठीण अशी एक जागा आहे. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याला समांतर असे कंबरलंड नावाचे वाळूचे लांबट बेट आहे, सुमारे अठ्ठावीस किलोमीटर. समुद्राचा मार आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि मागची जमीन वाचवायची, हे अशा बेटांचे काम. १९७२ साली ते राष्ट्राने राखले आणि १९८२ साली त्याच्या उत्तरेचा मोठा भाग 'रान' ठरविला. आता येथली वाळूच जागेवर राहत नाही. तेव्हा काल होते तसे आज आहे का, एवढे विचारून भागत नाही. वाळूला सरकायला मोकळीक आहे का, असे विचारावे लागते. दर उन्हाळ्यात कासवांची घरटी मोजतात. बेटावर मोकाट घोडे आहेत. लोक ते हौसेने पाहायला येतात; पण घोडा काही तेथला मूळचा नव्हे, तो वाळूच्या टेकड्यांवरचे गवत खातो, तुडवितो, म्हणून हिशेबात तो नुकसानीच्या बाजूला पडतो.

त्या रानातून जुना रस्ता जात होता आणि त्यावरून प्रवाशांना मोटारीतून नेत. २००४ साली न्यायालयाने सांगितले, हे कायद्यात बसत नाही. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून रस्ताच रानाच्या हद्दीबाहेर काढला! मोटार थांबली नाही, रेघ सरकली. आम्हाला हा प्रकार ओळखीचा वाटला.

आणखी एक गोष्ट, कापसाच्या मुलुखात बसून सांगतो आहोत म्हणून. ज्याला आज रान म्हणतात त्या बेटावर एके काळी लांब धाग्याचा कापूस पिकत होता, आणि तो गुलामांच्या हातांनी वेचला जात होता. गुलामीतून सुटलेल्यांची वस्ती उत्तर टोकाला होती. त्यांचे १८९३ सालचे प्रार्थनामंदिर पुढे पुन्हा बांधले गेले, ते आजही आहे. रानपणाच्या मस्टरमध्ये या हातांची हजेरी कोणत्या रकान्यात लावायची? आमच्या मते पाचव्या, खास रकान्यात, आणि ठळक शाईने.

एवढ्या दूरची गोष्ट सांगितली ती लोणारसाठी. जिंतूर-मंठा ओलांडले की लोणार. तेही एक बेटच म्हणा, काळ्या दगडाच्या पठारात अडकलेले खाऱ्या पाण्याचे. अशनीच्या आघाताने ते झाले, हे १९७३ साली सिद्ध झाले. वयाविषयी पंडितांत पन्नास हजार ते पावणेसहा लाख वर्षे असा फरक आहे. त्यात आम्ही पडत नाही. तेथेही माणसाचा हात जुना आहे. साबण आणि काच करण्याचे द्रव्य तेथे मिळते, असे अकबराच्या काळी 'ऐन-इ-अकबरी'त नोंदले आहे. इंग्रजी अमलातही क्षार काढून विकले जात. २००० साली अभयारण्य झाले आणि २०२० च्या नोव्हेंबरात रामसर यादीत नाव आले.

त्याच २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले. देशभर छायाचित्रे छापून आली, तर्क लढविले गेले. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितले की हे अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचे काम. नमुना स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि पाणी निवळले. उत्तर मिळाले, कारण मोजले. पण मागच्या प्रत्येक उन्हाळ्यात पाणी किती होते, खारेपणा किती होता, हे सामान्य माणसाला कोठे वाचायला मिळते?

वेड्या बाभळीचे घ्या. ती काठावर आणि उतारावर पसरली. प्रकरण नागपूरच्या खंडपीठापुढे गेले, तोडणीचे काम निघाले. अमेरिकन मस्टरात ही तोडणी दोन ठिकाणी लिहावी लागेल: मूळच्या झाडोऱ्याला जागा मिळाली म्हणून जमेला, आणि माणसाने कुऱ्हाड चालविली म्हणून ढवळाढवळीतही. ही प्रामाणिक नोंद आम्हाला आवडली. चांगले काम केले म्हणून त्याची किंमत लपवायची नाही. गावाच्या सांडपाण्याची तक्रारही वर्षानुवर्षांची. पुढे २०२५ साली पाणी चढून कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत आले. गोडे पाणी वाढले की खारेपणा उतरतो, आणि ज्या जीवांसाठी हे सरोवर राखले त्यांचेच घर पातळ होते.

आमची मागणी अशी. पाण्याची पातळी, सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, बाभळीखालची जमीन, पक्ष्यांची गणती आणि आत येणारे सांडपाणी, या पाच गोष्टी दर वर्षी ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या जागी मोजाव्यात, आणि आकडे सरोवराच्या काठावर फलकावर लावावेत. इंग्रजी अहवालात नव्हे, मराठीत. मोजणाऱ्यांत बाभूळ तोडणारा मजूर आणि लोणारचा रहिवासी असावा. खात्याचा माणूस एकटा मोजील तर त्यावर आमचा विश्वास बसणार नाही. आणि खरे सांगायचे तर एकट्या गावाने मोजले तरी बसणार नाही. दोघांच्या सह्या पाहिजेत.

शिक्षक मंडळी येथे पुष्कळ बसली आहेत. आपल्या शाळांच्या सहली लोणारला जातात. मुलांना खाली उतरविण्याची परवानगी असेल तेथवर न्या, पाणी मंदिराच्या कोणत्या पायरीला टेकले आहे ते वहीत लिहायला लावा, खाली तारीख घाला, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्या. खर्च एका वहीचा आहे.