पेन्शनचं वचन कुणी पाळायचं? डेट्रॉइट शहराची गोष्ट

आजचा विषय आहे पेन्शन. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका! पेन्शन हा फक्त आजोबांचा विषय नाही. तो तुमच्या पहिल्या पगाराच्या दिवशीच सुरू होतो. कसा, ते आज बघू.

त्यासाठी आपण जाणार आहोत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात. मोटारींचं शहर. फोर्ड, जनरल मोटर्स, सगळं तिथलंच. १९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०१० च्या जनगणनेत उरली सव्वासात लाखांच्याही आत. कारखाने हलले, लोक उपनगरांत गेले, घरं रिकामी पडली. माणसं गेली की कर भरणारे जातात. पण शहराचा पसारा तेवढाच राहतो. तेवढेच रस्ते, तेवढेच पाण्याचे नळ, आणि ज्यांनी तीस-तीस वर्षं नोकरी केली ते सगळे निवृत्त कर्मचारी.

शेवटी हिशोब असा झाला की साधारण दहा हजार कर्मचारी कामावर, आणि पेन्शन घेणारे एकवीस हजार. एका नोकरदारामागे दोन निवृत्त.

आता तुम्ही म्हणाल, बरोबर आहे की मग, पेन्शननेच शहर बुडवलं! इथे जरा थांबू. कारण पेन्शनचा पैसा कामावरच्या माणसाच्या पगारातून जाणं अपेक्षितच नसतं. कर्मचारी नोकरीत असताना दरवर्षी शहराने त्याच्या नावाने काही रक्कम बाजूला टाकायची, ती गुंतवायची, आणि तो निवृत्त झाला की त्यातून पेन्शन द्यायची. म्हणजे पेन्शन हा उशिरा मिळणारा पगार आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर १९८२ मध्ये, नाकरा खटल्यात, हेच सांगितलं होतं की पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या नोकरीचा मोबदला आहे.

मग डेट्रॉइटमध्ये बिघडलं कुठे? एक म्हणजे, गुंतवणुकीवर दरवर्षी जवळपास आठ टक्के परतावा मिळेल असं धरून चालले होते. आकडा मोठा धरला की आज बाजूला टाकायची रक्कम कमी दिसते. कागदावर सगळं छान! शिवाय चांगल्या वर्षांत पेन्शन मंडळ निवृत्तांना तेरावा चेक देत होतं, म्हणजे बारा महिन्यांची पेन्शन झाल्यावर वरून आणखी एक. घेणाऱ्याला गोड वाटतं, पण तो पैसा वाईट वर्षांसाठी ठेवायला हवा होता.

दुसरं, २००५ मध्ये क्वामे किलपॅट्रिक महापौर असताना शहराने पेन्शन फंडातली तूट भरायला चक्क कर्ज काढलं. सुमारे १४० कोटी डॉलर. वर व्याजदरांवरचे गुंतागुंतीचे करार केले. २००८ ची मंदी आली, व्याजदर खाली आले आणि ते करार शहरावर उलटले. तूट भरायला काढलेलं कर्जच नवी तूट झालं.

तोवर शहराची अवस्था काय होती, ऐका. रस्त्यावरचे सुमारे चाळीस टक्के दिवे बंद. तातडीच्या कॉललाही पोलीस पोचायला सरासरी ५८ मिनिटं. २०१२ मध्ये कामावर असलेल्यांच्या पगारात दहा टक्के कपात केली गेली. तरी भागलं नाही. मार्च २०१३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने केव्हिन ऑर नावाचे वकील प्रशासक म्हणून बसवले, आणि १८ जुलै २०१३ ला शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज आणि देणी मिळून सुमारे १८०० कोटी डॉलर! तोवर अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराने कधी हात वर केले नव्हते.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, धक्का. मिशिगन राज्याच्या घटनेत लिहिलेलं आहे की सरकारी पेन्शन कमी करता येणार नाही. निवृत्त मंडळी त्या ओळीवर विसंबून होती. पण ३ डिसेंबर २०१३ ला न्यायाधीश स्टीव्हन रोड्स यांनी निकाल दिला की दिवाळखोरीचा कायदा केंद्राचा आहे, तिथे पेन्शन हाही एक करारच, आणि तो बदलता येतो. एका दिवसात घटनेतलं ते वचन पातळ झालं.

मग वाद पेटला तो चित्रांवरून. शहराच्या संग्रहालयात व्हॅन गॉग, ब्रुगेल यांची चित्रं आहेत, आणि बरीच शहराच्या पैशातून घेतलेली. सावकार म्हणाले, विका! म्हातारी माणसं महत्त्वाची की चित्रं? शेवटी मध्यस्थांनी तोडगा काढला. खासगी संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी वीस वर्षांत मिळून ८१ कोटी ६० लाख डॉलर द्यायचे, ते पेन्शनमध्ये जातील, आणि चित्रं जागेवर राहतील. याला तिथे 'ग्रँड बार्गेन' म्हणतात.

पण त्यासाठी निवृत्तांनी मतदान करून कपात मान्य करायची होती. हो म्हणा, तर साध्या कर्मचाऱ्यांची साडेचार टक्के कपात. नाही म्हणा, तर २७ टक्के. याला निवड म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. बहुमताने हो आलं.

साडेचार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, नाही? हिशोब करू. तिथल्या साध्या कर्मचाऱ्याची पेन्शन सरासरी वर्षाला १९ हजार डॉलरच्या आसपास होती. रुपयात गुणाकार करून खूश होऊ नका, भाडं आणि औषधंही डॉलरमध्येच! त्यातून वर्षाला साधारण ८५५ डॉलर गेले. आणि महागाईप्रमाणे होणारी वाढ? तीही बंद. समजा महागाई तीन टक्क्यांनी वाढली, तर आजच्या शंभराची किंमत दहा वर्षांनी ७४ उरते, वीस वर्षांनी ५५. शिवाय शहराने आरोग्यविम्याला मोठी कात्री लावली, आणि हा घाव अनेकांना पेन्शनपेक्षाही जास्त लागला. पोलीस आणि अग्निशमन दलाची मूळ पेन्शन वाचली, महागाईवाढ मात्र निम्म्याहून कमी झाली.

डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं. दिवे लागले, पोलीस लवकर पोचू लागले. हेही खरं आहे, ते नाकारायचं नाही. पण बिल कुणी भरलं? पंचाहत्तरीच्या माणसाला पुन्हा नोकरी शोधता येत नाही. ज्यांनी चुकीचे आकडे धरले ते तोवर खुर्चीवरून उतरलेले होते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे महापालिकेने दिवाळखोरी जाहीर करायचा असा कायदाच नाही. त्यामुळे इथे देणी कापली जात नाहीत, रखडतात. निवृत्त माणूस ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे घालतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तुम्ही ऐकली असेलच. मागणी रास्त आहे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण डेट्रॉइटकडे बघून एक प्रश्न दोन्ही बाजूंना विचारायलाच हवा: यंदाच्या बजेटमध्ये त्यासाठी किती पैसे बाजूला टाकले?

वचन देणाऱ्याला आज टाळ्या मिळतात. पैसे न टाकण्याची शिक्षा तीस वर्षांनी कुणीतरी वेगळाच भोगतो. म्हणून मंडळी, कुणी पेन्शन देतो म्हणालं की तारीख नंतर विचारा, आधी तरतूद विचारा. तुमच्या महापालिकेचं बजेट दरवर्षी जाहीर होतं. त्यात पेन्शनची ओळ शोधा. आणि तुमच्या पगारातून कापलेले पैसे खरंच खात्यात जमा होतात का, ते आज रात्री फोनवरच तपासा.

तुमच्या घरात कुणी पालिकेतून निवृत्त झालं असेल, तर त्यांना विचारा की पहिली पेन्शन किती महिन्यांनी हातात आली. उत्तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!