पाश्चात्य संस्कृति आणि ख्रिस्ती घर

(ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं आपण एका प्रश्नाचा विचार करूं. ज्या युरोपखंडांतून मिशनरी आपल्या पूर्वजांकडे आले, तेथील पुष्कळ मंदिरें आज ओस पडत आहेत. त्या संस्कृतीचें पुढें काय होणार? आपलीं मुलें नोकरीनिमित्त तिकडे राहतात. आपल्या देशाचे धर्मगुरु जर्मनीसारख्या देशांतील धर्मग्राम सांभाळतात. तेव्हां हा प्रश्न आपणांस परका नव्हे.

इ. स. ४१० मध्यें अलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें, तेव्हां जगाचा अंत आला असें लोकांस वाटलें. त्या काळीं “ईश्वराचें नगर” हा ग्रंथ लिहून ज्यानें ख्रिस्ती जनांस धीर दिला, तो संत ऑगस्टीन कोणा राजवाड्यांत घडला नव्हता. उत्तर आफ्रिकेंतील तागास्त गांवच्या एका घरांत, स्वैर वागणाऱ्या पुत्रासाठीं वर्षानुवर्षें अश्रु ढाळून प्रार्थना करणाऱ्या मोनिका मातेनें तो घडविला. ३८७ सालीं मिलान येथें त्याचा स्नानसंस्कार झाला, आणि त्याच वर्षीं मातेनें देह ठेविला. पुढें ४३० सालीं हिप्पो नगरास व्हँडल सैन्याचा वेढा पडला असतां ऑगस्टीन निवर्तला. साम्राज्य लयास गेलें. त्या मातेच्या पुत्राचे ग्रंथ मात्र शतकानुशतकें युरोपास शिकवीत राहिले.

संत बेनेडिक्टनें सुमारें ५२९ सालीं माँते कासिनो येथें मठ स्थापिला, तोहि घराच्याच नमुन्यावर. मठाधिपतीचें नांव “आब्बा”, म्हणजे पिता, या शब्दावरून आलें. १९४४ सालीं बाँबवर्षावानें तो मठ जमीनदोस्त झाला. पण कुटुंब उरलें होतें, म्हणून भिंती पुनः उभ्या राहिल्या, आणि १९६४ सालीं पोप सहावे पॉल यांनीं तेथील मंदिराचें अभिषेचन केलें.

एकोणिसाव्या शतकांतील फ्रान्समध्यें धर्माविरुद्ध वारे वाहत असतां, आलांसाँ शहरीं लुई मार्तें घड्याळांचा धंदा करी व त्याची पत्नी झेली लेस विणी. नऊ मुलांपैकीं चार बालपणींच देवाघरीं गेलीं; उरलेल्या पांचहि कन्या धर्मभगिनी झाल्या. त्यांतील धाकटी ती संत तेरेजा. या दांपत्यास २०१५ सालीं संतपद मिळालें.

आपल्या भूमीची साक्षहि हीच आहे. १७३९ सालीं वसईचा किल्ला चिमाजीअप्पांच्या हातीं आला. युरोपीय मिशनरी निघून गेले. किल्ल्यांतील मंदिरें आजहि भग्नावस्थेंत दिसतात. परंतु एतद्देशीय धर्मगुरूंच्या सेवेनें आणि आयाआजींच्या तोंडच्या प्रार्थनांनीं वसईच्या गांवांत धर्म जिवंत राहिला.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेनें १९६४ सालीं कुटुंबास जणूं “घरांतली ख्रिस्तसभा” म्हटलें, तें यासाठींच. पश्चिमेची निंदा करणें सोपें आहे. परंतु संध्याकाळची रोझरी आपल्याहि कित्येक घरांत बंद पडली आहे. परदेशीं निघालेल्या मुलाच्या पेटींत आपण लोणचें-पापड आठवणीनें घालतों. त्याच्या मुखीं प्रार्थना घातली आहे काय? ती घातली असेल, तर तिकडील एखाद्या ओस मंदिरांत आपलेंच लेंकरूं गुडघे टेकील, आणि जें दान आपण घेतलें त्याची परतफेड होईल. ही सद्बुद्धि पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीनें प्रभु आपणां सर्वांस देवो.