शास्त्राचा अभ्यास आणि अंतरीची भक्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय कोणता घ्यावा असे विचारले तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही आयुष्यभर जे केलेत तेच सांगा." मी आयुष्यभर एकच काम केले. पुढे ख्रिस्ती मंडळीत सेवा करू इच्छिणाऱ्या मुलींना मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवले. इथे बसलेल्या निम्म्याअधिक भगिनी हिंदू घरांतल्या आहेत, तेव्हा आमच्यातले खास शब्द मी बेताने वापरीन. एखादा शब्द अडला तर खुशाल विचारा. आणि खरे सांगायचे तर आजचा विषय तुम्हांला मुळीच परका नाही. ज्ञान वाढले की भक्ती आटते काय, हा प्रश्न आपल्या मराठी मुलखात फार जुना आहे.

आमच्याकडे मुलगी येते ती बहुधा खेड्यातल्या मंडळीतून. आजीबरोबर रोज रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात उपासना केलेली, दहा-वीस स्तोत्रे मुखोद्गत, गळा गोड. पहिल्या वर्षी तिला कळते की उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टी घडल्याची हकिकत एकदा नव्हे, दोनदा आली आहे; पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस मागून, दुसऱ्यात माणूस आधी आणि प्राणी मागून. मग कळते की चार शुभवर्तमानांत एकच प्रसंग चार तऱ्हांनी येतो. मग हिब्रू आणि ग्रीक अक्षरे येतात, तारखा येतात, हस्तलिखितांची नावे येतात. मुलगी हुशार असेल तर तिला हे सारे आवडते. आणि दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत ती घरी जाते तेव्हा तिची आई मला पत्र लिहिते, हल्ली फोन करते, की बाई, पोरगी शिकली खरी, पण उपासनेला बसली की नुसती गप्प असते.

यावर दोन उपाय लोक सांगतात. काही पाळक म्हणतात, एवढा अभ्यास हवाच कशाला, चार वचने पाठ असली म्हणजे झाले. काही शिक्षक म्हणतात, वर्गात अभ्यास व्हावा, प्रार्थना ज्याची त्याने खोलीत करावी, तो आमचा विषय नव्हे. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या उपायाने मुलगी अडाणी राहते, आणि उद्या कॉलेजातल्या एखाद्या मुलाने तिला दोन प्रश्न विचारले की निरुत्तर होते. दुसऱ्याने तिच्या मनाची दोन बिऱ्हाडे होतात आणि त्यांतले एक हळूहळू रिकामे पडते.

यात गोंधळ किती होतो ते पाहा. आमोस हा संदेष्टा कुठला, त्याचा धंदा कोणता, असा साधा प्रश्न परीक्षेत विचारला, तर उत्तर न येणारी मुलगी दीड पान लिहिते की परमेश्वर अत्यंत प्रेमळ असून त्याने आपणां सर्वांना क्षमा केली आहे. तिला मी शून्य देते. आमोस तकोवाचा, मेंढरे पाळणारा आणि उंबरांची निगा करणारा. हे लिहिले की गुण मिळतात, भक्तीचे वेगळे गुण नाहीत. उलट दुसरी हुशार मुलगी सकाळच्या प्रार्थनेला उभी राहते आणि आमोसाचा काळ ख्रिस्तपूर्व आठवे शतक असल्याचे देवालाच सांगू लागते! पहिलीला निदान गुणपत्रिका ताळ्यावर आणते. दुसरीची काळजी जास्त, कारण तिला कोणी टोकत नाही, उलट वाहवाच करतात.

अशीच एक मुलगी मला आठवते. नाव सांगत नाही. दुसऱ्या वर्षाला होती, वर्गात पहिली. एके दिवशी संध्याकाळी येऊन म्हणाली, "बाई, मला तेविसावे स्तोत्र म्हणता येत नाही. म्हणायला लागले की ओळींची जोडणी दिसते, रचना दिसते, आणि मी कोणाशी बोलते आहे तेच विसरते. आजी वारली तेव्हा हेच स्तोत्र म्हणत होते, तेव्हा असे नव्हते." हे सांगताना तिला रडू आले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

हे स्तोत्र बायबलातले सर्वांत परिचित. परमेश्वर मेंढपाळ आणि आपण त्याची मेंढरे, असा भाव आहे. मी तिला पुस्तके मिटून ठेवायला सांगितले नाही. म्हटले, "अगं, अजून नीट अभ्यास झालेला नाही तुझा. सर्वनामे मोज." ती बसली मोजत. पहिल्या तीन वचनांत देवाविषयी 'तो' आहे. तो चारतो, तो पाण्याजवळ नेतो, तो वाट दाखवतो. चौथ्या वचनात अंधाऱ्या दरीची गोष्ट निघते, आणि तिथे कोणतीही सूचना न देता स्तोत्रकर्ता 'तू' म्हणू लागतो. हिरव्या कुरणात देवाबद्दल बोलणे चालले होते. काळोखात त्याच्याशी बोलणे सुरू झाले. मूळ हिब्रूत हे आहे, आणि आपल्या मराठी भाषांतरांतही आहे. आजी वारली तेव्हा ही मुलगी नेमकी त्याच वचनावर उभी होती. ती बराच वेळ पुस्तकाकडे पाहत राहिली, मग "येते बाई" म्हणून उठून गेली. त्या रात्री तिने प्रार्थना केली की नाही हे मी विचारले नाही, शिक्षिकेने ते विचारू नये असे माझे मत आहे.

माझे म्हणणे एवढेच की दोष अभ्यासाचा नसतो. वर्षानुवर्षे देवाविषयी फक्त 'तो', 'तो' असे बोलत राहिल्याने जीभ तशी वळते. शिकवणाऱ्या बाईने धड्यातला 'तो' जिथे 'तू' होऊ पाहतो ती जागा ओळखावी आणि तिथे क्षणभर थांबावे. हे तुम्हां वारकरी घरांतल्या भगिनींना मी काय सांगणार! तुकोबा विठ्ठलाशी भांडतात ते 'तू' म्हणूनच. आणि ज्ञानेश्वरी तर गीतेच्या अठरा अध्यायांवरची सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका. एवढा मोठा अभ्यास शेवटी पसायदानाला येऊन ठेपतो, म्हणजे मागण्याला. आमच्यात संत ऑगस्टिन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आपले आत्मनिवेदन लिहिले. त्यांत स्मरण म्हणजे काय, काळ म्हणजे काय, असे भल्याभल्यांना न उलगडणारे विचार आहेत, पण ते सारे पुस्तक देवाला 'तू' म्हणून लिहिलेले आहे.

आता पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगते, कारण या विषयावर त्यांच्याइतका अधिकार महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाचा नाही. आईवडिलांपासून संस्कृत शिकलेल्या या बाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. विद्या होती, धर्मही स्वीकारला होता. आणि तरी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी त्यांचे मन निवले. एवढ्या मोठ्या विदुषीने हे छापून लोकांपुढे ठेवावे, याला धैर्य लागते.

पण माझ्या मुलींना मी नेहमी पुढचा भाग विचारते. ख्रिस्त सापडल्यावर रमाबाईंनी काय केले? पुस्तके बांधून माळ्यावर टाकली? नाही. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो अनाथ मुली आणि विधवा सांभाळता सांभाळता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला, आणि मूळ भाषांवरून अख्ख्या बायबलाचे सोपे मराठी भाषांतर केले. कमी शिकलेल्या बाईलाही वाचून समजावे ही त्यांची इच्छा होती. याच मुक्तिसदनात १९०५ साली मुलींमध्ये प्रार्थनेची अशी लाट आली की तिची वार्ता देशोदेशी पोचली. एकाच आवारात एकीकडे हिब्रू व्याकरण आणि दुसरीकडे प्रार्थनेला बसलेल्या मुली. छापखानाही तिथलाच, आणि खिळे जुळवायला तिथल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्यापूर्वी भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले. त्या भाषांतराच्या गुणदोषांवर पंडित वाद घालतील, घालोत. ज्या बायकांसाठी ते केले त्यांनीच ते छापावे, याला तोड नाही.

एक अवघड उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर सर्व गोड वाटेल. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगडमार करायला पुरुष घेऊन येतात आणि येशू तिला वाचवतो, ही गोष्ट योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आहे. बायकांना ती फार प्रिय. आता चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत ती गोष्ट नाही. ही माहिती मुलींपासून लपवावी काय? लपवू नये असे मी म्हणते. आज प्रत्येकीच्या हातात फोन आहे आणि तळटीप तिथे दिसतेच. पण सांगताना विजयी मुद्रेने सांगू नये. मी सांगते, आणि त्याबरोबर हेही सांगते की ऑगस्टिन यांच्या मते काही पुरुषांनीच ती गाळली, आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने. वर्गात हसू फुटते. मग विचारते, येशूच्या इतर सगळ्या वागण्याशी ही गोष्ट जुळते की नाही? मुली पाने उलटू लागतात. एखादी मात्र तशीच बसून राहते, तिचा धक्का ओसरत नाही. तिला तो तास पुरत नाही, तिच्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवावी लागते. ज्या शिक्षिकेला संध्याकाळ मोकळी ठेवता येत नाही तिने हा धडा घेऊ नये.

तसेच पहिल्या स्तोत्रातला 'मनन' हा शब्द. मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणे अशी मुलींची समजूत. मूळ हिब्रू क्रियापद पुटपुटण्याचे आहे. यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला आणि घुमणाऱ्या पारव्याला लावले आहे. म्हणजे जात्यावर बसून तोंडाने ओवी घोळवणारी आपली आजी जे करीत होती, तेच. हे शब्दकोशात पाहिल्यापासून माझ्या वर्गात आम्ही धड्याचा उतारा आधी तीनदा मोठ्याने वाचतो, मग वह्या उघडतो. पाठांतराला मुली नाक मुरडत असत, ते थांबले. आणखी एक शिस्त मी स्वतःपुरती पाळते: पहाटेच्या प्रार्थनेला जो भाग वाचते तो त्या दिवशी वर्गात शिकवायचा नसतो. नाहीतर प्रार्थनेतही खडू हातात येतो.

आता आपल्या मंडळाला एक विनंती. जूनपासून आमच्या सहा मुली दर गुरुवारी दुपारी या वस्तीत येणार आहेत. घरी बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवायचे, हे त्यांचे काम. ज्या घरी बायबल नको असेल तिथे वर्तमानपत्र किंवा पोथीही वाचतील. धर्म पालटण्याचा हा खटाटोप नव्हे, हे मी जबाबदारीने सांगते. वर्षभर पुस्तकांत बुडालेल्या मुलींना समोर एक ऐकणारे माणूस हवे आहे, जे मध्येच "म्हणजे काय गं?" असे विचारील आणि साधे उत्तर मिळेपर्यंत सोडणार नाही. तुमच्या सासूबाई हे काम आमच्या प्राध्यापकांहून चांगले करतील. चहा दिलात तर हरकत नाही, साखर बेताची घाला. ज्यांना जमेल त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे आपले नाव आणि सोयीची वेळ लिहून द्यावी.