त्या रात्री भाकऱ्या सातलाच झाल्या

आम्ही कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. गटात आम्ही ११ जणी आहोत. फुटबॉलच्या संघातही मैदानावर ११ च असतात, हे आम्हाला डिसेंबर २०२२ मध्ये कळलं.

१८ डिसेंबरच्या रविवारी आम्ही एका घरात जमून विश्वचषकाचा शेवटचा सामना पाहिला. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर. खेळ चालू असताना एकदाही न उठता पाहिला. तुम्हाला वाटेल, यात काय सांगण्यासारखं? आमच्यातल्या आक्का साठीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "एका जागी इतका वेळ मी सप्त्यातल्या कीर्तनातसुद्धा बसलेली नाही."

कोल्हापूरला फुटबॉलचं वेड नवीन नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, तिथल्या तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. विश्वचषक आला की पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, चौकात मेस्सीचे मोठाले फलक उभे राहतात. आमच्या घरातले पुरुष, पोरं स्टेडियमवर जातात. आम्ही त्यांचे डबे भरून देतो, आणि आल्यावर कोण जिंकलं ते विचारतो.

घरात टीव्ही असला तरी आमच्यातल्या बहुतेकींनी तो आजवर कानानंच पाहिलाय. सोप्यात ओरडा झाला की पिठाचे हात घेऊन दारात यायचं, "काय झालं, काय झालं" म्हणायचं, तोवर होऊन गेलेलं असतं. आणि हा सामना होता रात्री साडेआठला, म्हणजे बरोबर ताटं वाढायच्या वेळी. कतारमध्ये तेव्हा संध्याकाळचे सहा वाजतात. त्यांना आमच्या भाकरीचं काय!

म्हणून आधीच ठरवलं. सातच्या आत भाकऱ्या थापून झाल्या पाहिजेत, झुणका, ठेचा, कांदा मधे ठेवायचा, ज्यानं त्यानं हातानं वाढून घ्यायचं. एका घरात आजोबा म्हणाले, "मला तव्यावरची गरम लागते." त्यांना सांगितलं, आज एक दिवस नाही. त्यांनी गार भाकरी खाल्ली आणि सगळ्यांच्या पुढं येऊन बसले. धारा काढून, दूध डेअरीला घालून आठ वाजता आम्ही आठ जणी जमलो. तिघींना जमलं नाही. एकीच्या मालकांची रात्रपाळीची लाइट होती, उसाला पाणी होतं, ती त्यांच्याबरोबर रानात गेली.

खेळ समजावून सांगायला आमच्यातल्या एकीची नववीतली पोर होती. शाळेच्या संघात खेळते. तिनं फरशीवर वाट्या मांडल्या, शेंगदाण्याचा चेंडू केला. गोल म्हणजे २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, हे ऐकून मामी म्हणाल्या, "आमच्या गोठ्याएवढं झालं की!" आणि त्या गोठ्याच्या तोंडावर एकटा माणूस उभा. पेनल्टी म्हणजे ३६ फुटांवरून मारायची, मधे आडवं कुणी नाही. ऑफसाइड कळायला वेळ लागला. पुढच्यानं चेंडू मिळायच्या आधीच गोलाजवळ जाऊन वाट बघत बसायचं नाही. चेंडू त्याच्याकडं सुटतो त्या क्षणी त्याच्यापुढं समोरच्या संघाची निदान दोन माणसं पाहिजेत, त्यातला एक बहुतेक वेळा गोलकीपर असतो. आक्का म्हणाल्या, "म्हणजे रेशनच्या रांगेत मधे घुसायचं नाही, तसं." पोर म्हणाली, "तसंच समजा."

२३ व्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टीवर पहिला गोल केला. ३६ व्या मिनिटाला दुसरा. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, चेंडू कुणाच्याच पायाशी थांबला नाही आणि शेवटी डी मारियानं आत ढकलला. ढकलला आणि रडायलाच लागला. अंगापिंडानं बारीक, वय ३४. आम्हाला मेस्सीपेक्षा तोच जास्त आवडला, हे पोरांना पटलं नाही. मध्यंतरापर्यंत फ्रान्सला गोलाकडं एकही फटका मारता आला नव्हता. त्यांच्या मास्तरांनी मध्यंतराआधीच दोन खेळाडू बाहेर काढले. ७५ मिनिटं झाली तरी २-०. घरातले दोघे पुरुष म्हणाले, संपलं आता, आणि तंबाखू मळायला अंगणात गेले.

८० व्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली. एम्बापेनं मारली, गोल. दोन मिनिटं व्हायच्या आत त्यानंच हवेतला चेंडू तसाच मारला, दुसरा गोल. अंगणातले दोघे धावत आत आले आणि दारातून म्हणाले, "काय झालं, काय झालं?" आम्ही आठ जणी इतक्या हसलो की पुढचं मिनिटभर कुणी काही पाहिलं नाही.

एक गंमत सांगायची राहिली. आमचा सामना मोबाइलवरून टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळं चित्र जरा मागं चालत होतं. पलीकडच्या गल्लीत ओरडा आधी व्हायचा आणि आमच्याकडं गोल नंतर दिसायचा. ओरडा झाला की आम्ही जीव मुठीत धरून बसायचो, कुणाचा असेल? ज्यादा वेळेत १०८ व्या मिनिटाला मेस्सीचा गोल झाला, तो आम्ही असा आधी ऐकला. मग अर्जेंटिनाच्या मोंतिएलच्या हाताला चेंडू लागला, पुन्हा पेनल्टी, पुन्हा एम्बापे, ११८ व्या मिनिटाला ३-३. एकट्यानं तीन गोल केले त्या पोरानं. वय २३, दोन दिवसांनी २४ चा होणार होता. शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी गोलासमोर एकटा सुटला, तेव्हा मामींनी पदर तोंडावर घेतला. गोलकीपर मार्तिनेझनं हातपाय पसरले आणि डाव्या पायानं चेंडू अडवला. मग पाच-पाच पेनल्ट्या. फ्रान्सची एक मार्तिनेझनं अडवली, एक बाहेर गेली. शेवटची मारायला आला तो मोंतिएल, ज्याच्या हाताला चेंडू लागला होता तोच. त्यानं मारली आणि अर्जेंटिना ४-२ नं जिंकली. १९७८, १९८६ आणि आता २०२२. आजोबा म्हणाले, "पहिला सामना सौदी अरेबियाशी हरलेले हे लोक!" हे त्यांना माहीत होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं.

अकरा वाजून गेले होते. कुणी उठायला तयार नव्हतं. तेवढ्यात ती पोर म्हणाली, "असाच सामना बायकांचा झाला होता. नवी मुंबईत."

आम्हाला वाटलं, कुठला तरी शाळेचा असेल. तर नाही. आशियातल्या देशांची बायकांची स्पर्धा २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात झाली, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. संघात कोरोना शिरला, उभं करायला खेळाडू पुरेनात, म्हणून भारताच्या मुलींना स्पर्धाच सोडावी लागली. अंतिम सामना ६ फेब्रुवारीला चीन आणि दक्षिण कोरिया यांच्यात. मध्यंतराला कोरिया २-० नं पुढं. चीनच्या मुलींनी दोन्ही गोल फेडले आणि ९० मिनिटं संपल्यावर जे वाढीव क्षण मिळतात त्यात तिसरा करून चषक नेला. हे कतारमध्ये नाही, आपल्या एसटीनं जाऊन पाहता येईल अशा ठिकाणी झालं, आणि आमच्या घरात कुणी त्यासाठी टीव्ही लावला नाही. त्याच दिवशी सकाळी लतादीदी गेल्या होत्या, घराघरांत टीव्ही त्यांच्यासाठी लागला होता, हे खरं. पण त्या गेल्या नसत्या तरी आम्ही पाहिला असता का? आम्हाला तो आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. पोरीनं एकटीनं दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहिला.

हे ऐकताना तिचे वडील गप्प होते. दिवाळीपासून त्यांनी तिचा सराव बंद केला होता. मैदान तालुक्याच्या गावी, सुटायला साडेसहा होतात, एसटी फाट्यावर सोडते ती सातला. फाट्यापासून गावापर्यंत एक किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस, दिवा नाही. भीती खोटी म्हणता येणार नाही. आईची अडचण वेगळी, पोर मोठी झाली, चड्डीवर खेळते. त्यावर पोरीनं सांगितलं, याच विश्वचषकात १ डिसेंबरला जर्मनी आणि कोस्टा रिका यांच्या सामन्याला पंच म्हणून फ्रान्सची स्टेफनी फ्रापार होती, बाजूच्या रेषांवरच्या दोघी पंचही बायकाच. "ती पण चड्डीवरच पळते, आणि २२ पुरुष तिच्या शिट्टीला थांबतात." आई काही बोलली नाही. वडील त्या रात्री हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढताना त्यांनी एवढंच विचारलं, "सराव आठवड्यातनं किती दिवस असतो?"

तो विषय आम्ही गटाच्या मासिक बैठकीत घेतला. गावातल्या आणखी दोन पोरींना खेळायचंय, असं निघालं. फाट्याचं सोपं होतं. सरावाच्या तीन दिवशी आमच्यातल्या दोघी-दोघींनी बॅटरी घेऊन सातला फाट्यावर जायचं, पाळ्या लावल्या. बुटांवरून मात्र भांडण झालं. खिळ्यांचे बूट हजार-बाराशेला पडतात. गटाच्या अंतर्गत कर्जातून द्यावेत का? एकीनं ठाम नाही म्हटलं. कर्ज शेळीला द्या, खताला द्या, दवाखान्याला द्या, पोरीचा पाय वर्षात वाढणार आणि बूट कोपऱ्यात पडणार. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तासभर बोलून असं ठरलं की कर्ज आईच्या नावावर, महिना १०० रुपये फेड, आणि पाय वाढला की बूट गटाकडं जमा करायचे, पुढच्या पोरीला. नाही म्हणणारीनंच शेवटची अट घातली आणि मगच सही केली.

तुमच्या गावात कुणी पोर खेळत असेल आणि अशीच वाटेची किंवा बुटांची अडचण असेल, तर तुम्ही काय केलंत ते केंद्राला कळवा. आम्हाला बुटांचं अजून नीट जमलेलं नाही.

२० जुलै २०२३ पासून बायकांचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये होता. तिकडं दिवस आपल्याआधी उजाडतो, त्यामुळं बरेच सामने आपल्याला सकाळी-दुपारी दिसणार होते. ते आमचे भांगलणीचे दिवस, सगळे बघणं होणार नव्हतं. पण शेवटचा सामना २० ऑगस्टला, रविवारी होता. त्या दिवशी कामाला जायचं नाही हे आधीच ठरलं होतं, आणि आजोबांनी पुढची जागा तेव्हाच मागून ठेवली होती.